दर्शनी भाग एक, मालक अनेक

काही वर्षांपूर्वी मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो. जावईबापूंनी एक दिवस होव्हला नेले. होव्ह म्हणजे ब्रायटनला लागून असलेले समुद्रकाठचे गाव. तिथे ‘ब्रन्सविक टेरेस’ आहे. टेरेस म्हणजे आपली गच्ची नव्हे, तर भिंतीला भिंत लावून बांधलेली घरांची ओळ. लांबून पाहिले की समुद्राकडे तोंड केलेला, उंच खांबांचा, मलई रंगाचा एकच राजवाडा वाटतो. जवळ जाऊन दारे मोजली की कळते, ही वेगवेगळी घरे आहेत.

हे काम चार्ल्स ऑगस्टिन बस्बी या वास्तुविशारदाचे, १८२५ च्या सुमारास सुरू झालेले. समुद्रस्नानाने तब्येत सुधारते अशी तेव्हा समजूत होती. शिवाय पुढे चौथा जॉर्ज झालेल्या राजपुत्राचा ब्रायटनला महाल होता. त्यामुळे श्रीमंत मंडळींची तिकडे रीघ लागली. बस्बीने एक छोटे गावच आखले. समोर मोठी घरे, मध्ये बागेचा चौक, मागे घोडागाड्यांच्या गल्ल्या, कामकरी लोकांची लहान घरे आणि बाजारसुद्धा. प्लॉट निरनिराळ्या लोकांनी घेतले. आतली रचना ज्याची त्याची, पण दर्शनी भाग मात्र बस्बीच्या नकाशाबरहुकूम!

खरी गंमत भिंतींत आहे. त्या दगडी दिसतात, पण दगडी नाहीत. फळ्यांच्या साच्यात चुना, वाळू, गारगोट्या आणि विटांचे तुकडे भरून त्या उभ्या केल्या. या प्रकाराला तिथे ‘बंगरूश’ म्हणतात. वरून गुळगुळीत गिलावा आणि त्यावर रंग. गिलाव्याला चीर पडून पाणी आत शिरले की भिंत भुसभुशीत होते. पाण्याचा पाइप नीट रोखून धरला तर निम्मे ब्रायटन वाहून जाईल, अशी तिथे थट्टा करतात. म्हणजे रंग ही हौस नाही, तो इमारतीचा रेनकोट आहे. आणि भिंती सामाईक, तेव्हा शेजाऱ्याची चीर ती आपलीही चीर.

म्हणून तिथे दर पाच वर्षांनी ठरलेल्या मलई रंगानेच घर रंगवावे लागते. त्यासाठी १९७६ चा कायदा आहे. पण सामाईक कारभार त्याहून जुना. १८३० मध्येच पार्लमेंटच्या कायद्याने तिथे रस्ते, दिवे, सफाई आणि पहारा पाहणारे मंडळ नेमले गेले. आपल्या मॅनेजिंग कमिटीचे पणजोबाच म्हणा ना!

बस्बी बिचारा दिवाळखोरीत निघाला आणि १८३४ मध्ये वारला. १९४५ च्या सुमारास ही घरे पाडण्याच्या गोष्टी सुरू झाल्या, तेव्हा नागरिकांनी रीजन्सी सोसायटी स्थापन करून विरोध केला. आज ब्रन्सविक टेरेस पहिल्या श्रेणीच्या वारसा यादीत आहे. बऱ्याचशा घरांचे आता फ्लॅट झालेत, म्हणजे मालक आणखी वाढले. तरी रंग एकच.

हे सगळे सांगतोय, कारण मला एक कबुली द्यायची आहे. मी माझी गॅलरी बंद करून घेतली, तेव्हा बाहेरच्या भिंतीला भोके पाडली. दोन पावसाळ्यांत खालच्या वहिनींच्या बेडरूमला ओल आली. वार्षिक सभेत विषय निघाला, तेव्हा मी ताडकन म्हणालो होतो, “घर माझं आहे!” आयुष्यभर बँकेत लोकांचे तारण तपासले, पण आपली भिंत दुसऱ्याचेही तारण असते, हे मला सत्तरी ओलांडल्यावर होव्हला कळले.

वहिनींनी नंतर कधी तो विषय काढला नाही. मीच काढतो. येत्या दिवाळीआधी ते ग्रिल उतरवतोय, ओल दुरुस्तीचा खर्च माझा. आणि बाहेरच्या रंगाचा ठराव तीन सभा पुढे ढकलला गेलाय. या वेळी तो मांडायला मी उभा राहीन. अनुमोदन तेवढे तुम्ही द्या.