साखरपुडा, फुलपुडी आणि पेशीची पुटिका

पेशी पडद्याच्या बारीक पिशव्या बाहेर सोडतात. त्यांना मराठी विज्ञानलेखनात ‘पुटिका’ म्हणतात. हा शब्द लिहिता लिहिता एकदा मी थबकलो. अरे, ही तर आपली पुडी! संस्कृत ‘पुट’ म्हणजे घडी, द्रोण, खोलगट वेष्टन. त्याची पुटिका झाली आणि ‘ट’चा ‘ड’ होऊन पुडी. घटाचा घडा झाला, वटाचा वड झाला, तशीच.

कन्नडात ‘पुडि’ म्हणजे भुकटी, तेव्हा शब्द तिकडचा, असे कोणी म्हणेल. मला पटत नाही. मराठीत पुडी हे वेष्टनाचे नाव आहे, आतल्या मालाचे नाही. फुलपुडीत भुकटी कुठे असते? शिवाय पुडीला थोरला भाऊ आहे, पुडा. साखरपुड्यातला पुडा तोच, साखर बांधलेला. वैद्याच्या चूर्णामुळे दोन्ही शब्द मराठी-कन्नड सीमेवर एकमेकांत मिसळले असतील, एवढे मी मान्य करतो. मूळ मात्र ‘पुट’च.

आता पेशीच्या पुडीकडे. ट्रॅम्स आणि सहकाऱ्यांनी 1981मध्ये तिला ‘एक्झोसोम’ म्हटले. 1983मध्ये सेंट लुइसला उंदराच्या आणि मॉन्ट्रियलला मेंढीच्या अपक्व तांबड्या पेशींत दिसले, की नको असलेले लोहग्राही रेणू पेशी या पुटिकांतून बाहेर टाकते. म्हणजे कचऱ्याची पिशवी! हा समज बरीच वर्षे टिकला. 2007मध्ये गोथेनबर्गच्या संशोधकांनी या पुटिकांत आरएनए दाखवला. दुसऱ्या पेशीत पोचल्यावर त्याच्यावरून प्रथिनेही बनत होती. ही कचऱ्याची पिशवी नव्हती, कुणासाठी तरी बांधलेली पुडी होती.

मग 2010मध्ये लुइव्हिलच्या संशोधकांनी तिच्यात काय भरावे? हळदीतले कर्क्युमिन. ते पाण्यात नीट विरघळत नाही, शरीरात लवकर नासते. पुटिकेत ते अधिक टिकले आणि उंदरांमधला दाह कमी झाला. हळदीची पुडी, अक्षरशः. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डमध्ये अशाच पुटिकांतून जनुक गप्प करणारा आरएनए उंदराच्या मेंदूत पोचवला गेला.

माणसांचे अजून तसे नाही. आपण मंजूर केलेले एकही एक्झोसोम-उत्पादन नाही, असा जाहीर इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर 2019मध्ये दिला होता. केसांसाठी किंवा त्वचेसाठी कुणी ही पुडी पुढे केली, तर ती कोणी तपासली आणि कोणी मंजूर केली, हे आधी विचारा.