सेनापतीचा कौल

इंग्लंडातील क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीने २००६ साली काढलेल्या ‘मेडीव्हल टू : टोटल वॉर’ या संगणकीय युद्धखेळात लढाई संपली म्हणजे विजयी सेनापतीपुढे हाती लागलेल्या कैद्यांचा प्रश्न उभा राहतो. त्यांना सोडून द्यावे, खंडणी घेऊन परत करावे, की ठार मारावे? जसा निर्णय, तशी सेनापतीच्या नावापुढे औदार्याची किंवा दहशतीची चिन्हे वाढत जातात. उदाराचे शिपाई अधिक नेटाने लढतात, क्रूराला समोर पाहून शत्रूच्या फौजेचा धीर खचतो. ज्यांनी ही योजना रचली त्यांना मध्ययुगीन युद्धाचे एक मर्म नेमके उमगले होते, असे मला वाटते. ते मर्म असे की, रणांगणावरील वर्तन तेथेच संपत नाही, ते सेनापतीच्या पुढे पुढे चालत जाऊन त्याच्या आगमनापूर्वीच पुढच्या किल्ल्याच्या दरवाजाशी पोहोचलेले असते.

त्या काळी मैदानावरच्या लढाया थोड्या, वेढे फार. वेढा म्हणजे महिनोगणती रसदेची चिंता, छावणीत रोगराई, आणि घरी परतण्यास उतावीळ झालेले सरदार. म्हणून किल्लेदाराने कौल मागावा, सेनापतीने अभय द्यावे, आणि गडावरील माणसांनी जीव व चीजवस्तू घेऊन निघून जावे, हा व्यवहार उभयपक्षी सोयीचा होता. परंतु तो सर्वस्वी सेनापतीच्या शब्दावर उभा असे, आणि ज्याचा शब्द एकदा फुकट गेला त्याला पुढचा तट रक्त सांडूनच घ्यावा लागण्याचा संभव असे.

या दृष्टीने क्रूसयुद्धांच्या काळातील मुसलमान सुलतान सलाहुद्दीन याचे ११८७ सालचे चरित्र मुळातून पाहण्यासारखे आहे. ४ जुलै रोजी हत्तीनच्या टेकड्यांपाशी, तहानेने व्याकुळ झालेल्या ख्रिस्ती सैन्याचा त्याने संपूर्ण मोड केला. जेरूसलेमचा ख्रिस्ती राजा गी द लुझिन्यां आणि त्याचा सरदार रेनॉ द शातियाँ हे दोघे त्याच्या तंबूत आणले गेले. सुलतानाने राजाला थंडगार सरबत दिले. राजाने तो पेला रेनॉच्या हाती दिला, तेव्हा सुलतानाने दुभाष्याकरवी कळविले की, रेनॉला पेय दिले ते राजाने, आपण नव्हे. ज्याला आपण अन्नपाणी दिले त्याला मारावयाचे नाही हा अरबांचा संकेत असल्यामुळे या खुलाशात एकाचा जीव वाचला आणि दुसऱ्याचा गेला. तह चालू असताना काफिला लुटणाऱ्या रेनॉला आपल्या हाताने मारण्याची सलाहुद्दीनने शपथ घेतली होती, आणि पहिला वार त्याने स्वतःच केला. दोनच दिवसांनी टेम्पलर व हॉस्पिटलर या धर्मयोद्ध्यांच्या पथकांतील सुमारे दोनशे कैद्यांची त्याच्या आज्ञेने कत्तल झाली. हा तोच पुरुष, ज्याला पुढे युरोपने औदार्याची मूर्ती मानले. खेळातील सेनापतीच्या खात्यावर राजाला दिलेले जीवदान आणि ही कत्तल परस्परांना छेद देऊन शून्याकडे जातील. सलाहुद्दीनच्या लेखी मात्र दोन्ही एकाच नीतीची अंगे होती, कारण ज्यांच्याशी तह करता येतो असे शत्रू आणि ज्यांच्याशी तो करता येत नाही असे शत्रू यांत तो भेद करीत असे.

जेरूसलेम २ ऑक्टोबरला स्वाधीन झाले. १०९९ साली ख्रिस्ती वीरांनी तेथे केलेल्या संहाराचा सूड तलवारीनेच घेण्याचा त्याचा प्रथम मनोदय होता. नगराचा रक्षक बालियन याने पवित्र स्थळे उद्ध्वस्त करण्याची आणि मुसलमान कैदी मारण्याची धमकी दिल्यावर बोलणी झाली. पुरुषास दहा दीनार, स्त्रीस पाच, असा दर ठरला. सात हजार गरिबांसाठी तीस हजारांची ठोक रक्कम भरण्यात आली. सुलतानाचा भाऊ आदिल याने हजार कैदी मागून घेऊन मुक्त केले. तथापि ज्यांची खंडणी कोणी भरली नाही अशी हजारो माणसे गुलामगिरीत गेली, हे औदार्याच्या कथेत सहसा सांगितले जात नाही, आणि ते सांगितले पाहिजे.

जेरूसलेमच्या आधी, त्या उन्हाळ्यात नगरामागून नगर त्याला उघडले ते त्याच्या कौलाच्या विश्वासावर. पण मोकळी सोडलेली माणसे गेली कोठे? पुष्कळशी टायर या बंदरात एकवटली, आणि ते बंदर त्याला अखेरपर्यंत जिंकता आले नाही. इतिहासकार इब्न अल-असीर याने याबद्दल त्याला स्पष्ट दोष दिला आहे. मुक्त झालेल्या गी राजानेही ११८९ मध्ये सलाहुद्दीनच्या ताब्यातील आक्रे नगराला वेढा घातला.

तेच आक्रे १२ जुलै ११९१ रोजी ख्रिस्ती सैन्याच्या हाती पडले. इंग्लंडचा राजा रिचर्ड याने अटी घातल्या त्या दोन लक्ष दीनार, ख्रिस्ती कैद्यांची सुटका आणि पवित्र क्रूसाची परतफेड या. हप्त्याच्या मुदतीवरून वाद लांबला, तेव्हा २० ऑगस्टला त्याने सुमारे २,७०० मुसलमान कैदी मैदानात नेऊन मारविले. सुलतानाच्या लष्कराचा काजी बहाउद्दीन इब्न शद्दाद याने या कृत्याची दोन कारणे ऐकून नोंदविली आहेत. एक सूड, दुसरे असे की, दक्षिणेस कूच करताना एवढे कैदी पाठीशी ठेवणे धोक्याचे होते. परिणाम दुहेरी झाला. पुढील काही आठवडे हाती लागलेल्या ख्रिस्ती शिपायांना सलाहुद्दीनने दयामाया दाखविली नाही. पण ॲस्कलॉन नगराच्या रक्षणाचा प्रश्न आला तेव्हा त्याचेच सरदार म्हणाले की, आपण स्वतः किंवा आपला एखादा पुत्र आमच्याबरोबर आत राहणार असाल तर राहू, नाहीतर आक्रेच्या लोकांची गत आमची होईल. आपले पुत्र गमवावे लागले तरी चालतील पण या नगराचा एक दगडही पाडावयास नको, असे म्हणणाऱ्या सुलतानाला ते नगर स्वतःच जमीनदोस्त करावे लागले. रिचर्डच्या दहशतीने एक वेढा न घालताच जिंकला, असे येथे म्हणावे लागते.

आणि तरीही, रिचर्डच्या नावाला त्या कत्तलीने स्वदेशात कलंक लागला नाही. त्याच्या बाजूच्या इतिवृत्तकारांनी ती उचित सूड म्हणून गौरविली. फ्रेंच इतिवृत्तकार जॉइन्व्हिल सांगतो की, पुढे कित्येक वर्षे सीरियातील स्त्रिया रडणारी मुले त्याच्या नावाने गप्प करीत. उलट सलाहुद्दीनला इटालियन कवी दांतेने आपल्या काव्यात नरकाच्या यातनाहीन प्रांगणात, सद्गुणी परधर्मीयांच्या मेळ्यात स्थान दिले.

याहून विलक्षण उदाहरण मिसरचा सुलतान बैबर्स याचे. १२६६ साली सफेदच्या गढीतील टेम्पलर अभयाच्या भरवशावर बाहेर पडले आणि मारले गेले. वर सांगितलेल्या न्यायाने या पुरुषाचा कौल पुन्हा कोणी स्वीकारू नये; पण १२७१ मध्ये क्राक दे शव्हालिए या बलाढ्य दुर्गातील हॉस्पिटलरांनी त्याच्याकडून अभय घेतले, आणि या वेळी ते सुखरूप त्रिपोलीला पोहोचले. दोनदा दिलेला तोच शब्द एकदा मोडला, एकदा पाळला गेला. आणि कैरोच्या कॉफीघरांतून शतकानुशतके कथेकरी ज्या सुलतानाचे विशाल आख्यान सांगत असत, तो हाच बैबर्स.