गंधर्व कंपनीचे कर्ज आणि गोहरबाई

मराठी संगीत रंगभूमीच्या गप्पा निघाल्या की एक विधान हमखास कानावर येते. बालगंधर्व बुडाले ते गोहरबाईंमुळे. बोलणारा हे इतक्या खात्रीने सांगतो, की पुरावा मागण्याचे कोणाला सुचत नाही. गोहरबाई कर्नाटकी मुसलमान होत्या, कलावंत घरातल्या होत्या आणि एकट्या बाई होत्या. एवढ्यावर निकाल लागून जातो. पण कंपनीचा इतिहास सनावळीप्रमाणे मांडून पाहिला तर काय दिसते?

१९१३ साली नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले व त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ साली आलेल्या 'स्वयंवर'ने कंपनीला वैभव दिले. त्यातल्या पदांना चाली देणारे भास्करबुवा बखले हे फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ अशा उस्तादांच्या हाताखाली तयार झालेले गवई. खाँसाहेबांच्या घरातले ख्याल असे मराठी माणसाच्या ओठावर आले. पुढे कंपनीच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष बसू लागले. नाटकाला आलेला प्रेक्षक गाण्याची मैफल ऐकून घरी जात असे.

ही मैफल स्वस्त नव्हती. नटांचे, वादकांचे, कामगारांचे सारे बिऱ्हाड कंपनी पोसत असे. पडदे, पेटारे आणि माणसे घेऊन गावोगाव मुक्काम करायचा. बालगंधर्वांना रंगमंचावर खोटे काही चालत नसे. शालू खरे हवेत, अत्तर उंची हवे. १९२० साली 'द्रौपदी' आले तेव्हा नेपथ्यावर पाण्यासारखा पैसा ओतला गेला. सगळा डोलारा मात्र एका गळ्यावर उभा. तो गळा बसला तर त्या रात्रीचे उत्पन्न बुडाले आणि खर्च तसाच राहिला.

१९२१ साल उजाडले तेव्हा कंपनी कर्जात रुतलेली होती. त्याच वर्षी बालगंधर्व तिचे एकटे मालक झाले आणि कर्जही त्यांच्या एकट्याच्या माथी आले. विशेष म्हणजे त्याच वर्षी ८ जुलैला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. देशाच्या झोळीत पैसे टाकणाऱ्या या नटाच्या स्वतःच्या घरी सावकार बसलेला होता. ते कर्ज फेडायला सुमारे सात वर्षे लागली. त्याने ते नाटके करूनच फेडले. गोहरबाई तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या होत्या आणि विजापूरकडे होत्या.

दुसरा धक्का बाहेरून आला. १९३१ साली 'आलम आरा' बोलू लागला, १९३२ साली 'अयोध्येचा राजा'ने मराठी बोलपट आणला. कमी पैशांत गाणे ऐकायला मिळू लागले. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'मध्ये स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर त्याच सुमारास स्वतःची नाटक मंडळी चालवून रंगभूमीवर उभ्या होत्या. पुरुषाने नायिका होण्याचे दिवस सरत चालले होते आणि बालगंधर्व पंचेचाळिशी ओलांडत होते. १९३५ साली ते 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'त संत एकनाथ झाले. कॅमेऱ्यापुढे त्यांचे मन रमले नाही. ते पुन्हा नाटकाकडे वळले.

गोहरबाई कंपनीत आल्या त्या यानंतर, १९३८च्या आसपास. बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकून त्यांनी ती गायकी गळ्यात उतरवली होती. त्या स्त्रीभूमिका करू लागल्या. म्हणजे त्या आल्या तेव्हा पहिले कर्ज होऊन फिटले होते, बोलपट आला होता, प्रेक्षक पांगला होता. मोडकळीला आलेल्या घरात शेवटी शिरलेल्या माणसावर घर पाडल्याचा आळ आला.

गोहरबाईंना निर्दोष ठरवण्याचा हा खटाटोप नव्हे. कंपनीच्या कारभारात त्यांचा शब्द चालू लागला, जुनी माणसे दुखावली, हे खरे असेल. पण हिशेबाची हेळसांड त्यांच्या आधीपासूनची होती आणि ती मालकाची होती. मालक लाडका होता, म्हणून दोष दुसऱ्याच्या पदरात टाकणे सोयीचे झाले. बाई परधर्माची असल्याने ते आणखी सोपे झाले.

लक्ष्मीबाई १९४० साली वारल्या. पुढे बालगंधर्वांनी गोहरबाईंशी विवाह केला. उतारवयात बालगंधर्वांचे पाय अधू झाले, पैसा उरला नाही, दरबार पांगला. तेव्हा त्यांचे हवे-नको पाहायला गोहरबाई होत्या. १९६४ साली त्या गेल्या. त्याच वर्षी बालगंधर्वांना पद्मभूषण मिळाले आणि १५ जुलै १९६७ रोजी तेही गेले.

थिरकवांचा तबला आपण अभिमानाने सांगतो, कारण त्याला कोणी नावे ठेवत नाही. गोहरबाईंचे नाव निघाले की आपणही गप्प बसतो. निदान सनावळी तरी नीट सांगावी. तेवढ्याने अर्धा आळ आपोआप गळून पडतो.