मुंबईची टांकसाळ आणि ॲस्पेनचा बर्फ

आजच्या व्याख्यानाचं शीर्षक वाचून एका श्रोत्यांनी मला आत येतानाच विचारलं, की बर्फावरून घसरायच्या खेळाचा आणि आपल्या फोर्टातल्या टांकसाळीचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो मी जोडलेला नाही. तो १८९३ सालच्या एका कायद्याने जोडला.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या रॉकी पर्वतात ॲस्पेन नावाचं गाव आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर. आज जगातल्या श्रीमंतांचं हिवाळी मुक्कामाचं ठिकाण म्हणून ते ओळखलं जातं. लोक तिथे स्कीइंगला जातात, स्नोबोर्डिंगला जातात, आणि बरेच जण नुसते दिसायला जातात. आपल्याकडच्या मंडळींनी स्की पाहिलेली असते ती बहुधा गुलमर्गला, गोंडोलातून उतरल्यावर. तो गोंडोला, म्हणजे माणसाला वर नेणारा दोर, डोक्यात ठेवा. त्याच्याकडे परत यायचं आहे.

या खोऱ्यात मूळची वस्ती यूट लोकांची. १८७९ मध्ये चांदी शोधणारे खिंड ओलांडून इथे आले आणि त्यांनी वस्तीला नाव दिलं यूट सिटी. पुढच्याच वर्षी ते बदलून ॲस्पेन झालं. १८८१ मध्ये सरकारने कोलोरॅडोतल्या बहुतेक यूट लोकांना हुसकून युटाह प्रांतात पाठवलं. नाव आधी गेलं, माणसं मागून गेली. इतिहासाच्या पुस्तकांत हा भाग दोन ओळींत उरकतात, आणि मीही आत्ता तेच केलं याची मला जाणीव आहे.

चांदी मात्र खरोखर अफाट निघाली. १८८७ च्या अखेरीस पहिली रेल्वे आली, दुसरी लगेच पाठोपाठ. १८८९ मध्ये जेरोम व्हीलर या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याने ऑपेरा हाऊस बांधलं आणि हॉटेल जेरोमही उघडलं. गावात विजेचे दिवे होते. त्या काळात अमेरिकेच्या एकूण चांदीपैकी सुमारे सहावा हिस्सा एकटं ॲस्पेन देत होतं. १८९० च्या शर्मन कायद्यानुसार अमेरिकन सरकार दरमहा ४५ लाख औंस चांदी विकत घेत होतं. म्हणजे गिऱ्हाईक पक्कं. दुसरं मोठं गिऱ्हाईक होतं हिंदुस्थान.

आता जरा मुंबईत या. तेव्हा आपला रुपया चांदीचा होता आणि टांकसाळ खुली होती. खुली म्हणजे काय, तर कोणीही सराफाने चांदीची लगड आणावी, थोडा आकार भरावा आणि तिचे रुपये पाडून न्यावेत. त्यामुळे रुपयाची किंमत ही त्यातल्या चांदीचीच किंमत. पण १८७० नंतर जर्मनी आणि पाठोपाठ इतर देश सोन्याच्या चलनाकडे वळले, इकडे नव्या खाणींतून चांदीचा पूर आला, आणि चांदी घसरत गेली. दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया १८९२ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या घरात आला. हिंदुस्थान सरकारला लंडनला जो खर्च पाठवावा लागे, पेन्शनी, व्याज वगैरे, तो सोन्याच्या पौंडात. म्हणजे तेवढेच पौंड भरायला दर वर्षी जास्त रुपये लागायचे, आणि ते रुपये कोणाकडून येणार? रयतेकडूनच.

यावर उपाय म्हणून २६ जून १८९३ रोजी कायदा झाला आणि मुंबई व कलकत्ता इथल्या टांकसाळी खासगी चांदीला बंद झाल्या. रुपये पाडायचे की नाही हे यापुढे सरकार ठरवणार. या निर्णयाची चिकित्सा पुढे अनेकांनी केली. दादाभाई नौरोजींनी सरकारच्या चलनधोरणावर कडक टीका केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १९२३ चा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ तर या प्रश्नाच्या मुळाशीच जातो. शेतकऱ्याच्या घरात साठवण असते ती चांदीच्या दागिन्यांत. अडीनडीला ते मोडून त्याचे पूर्वीइतके रुपये आता मिळेनात. आपल्याकडचं हे नुकसान आपण शिकतो, निदान शिकायला हवं. त्याच नुकसानाचं दुसरं टोक मात्र आपण सहसा पाहत नाही.

ते टोक कोलोरॅडोत होतं. तारेने बातमी गेली आणि चांदीचा भाव औंसाला ८० सेंटच्या वरून काही दिवसांतच ६५ सेंटच्या खाली आला. आठवड्याच्या आत खाणमालकांनी खाणी आणि भट्ट्या बंद करण्याचं ठरवलं. जुलैत डेनव्हर शहरात एकामागून एक बँका बुडाल्या. १ नोव्हेंबरला अमेरिकन संसदेने शर्मन कायद्यातली चांदीखरेदीही रद्द केली. दोन्ही गिऱ्हाइकं एका वर्षात गेली. विरोधाभास बघा: १८९४ मध्ये ॲस्पेनच्या स्मगलर खाणीत जवळजवळ टनभर वजनाचा चांदीचा एकच गोळा सापडला. आणि घ्यायला कोण उभा होता?

इथे एक गोष्ट सांगतो, थोडं विषयांतर म्हणून चालवून घ्या. ॲस्पेनच्या वर सुमारे २५ किलोमीटरवर इंडिपेंडन्स नावाची खाणवस्ती होती. १८९९ च्या हिवाळ्यात एवढं बर्फ पडलं की रसद तुटली. तेव्हा उरल्यासुरल्या लोकांनी आपल्या घरांच्या फळ्या काढल्या, त्यांच्या स्की केल्या आणि सगळे खाली ॲस्पेनला निघून आले. त्याला त्यांनी शर्यत म्हटलं, आणि प्रवेश फी ठेवली एक हॅम सँडविच! त्या भागात स्की आली होती ती खाणीत कामाला आलेल्या नॉर्वे-स्वीडनच्या माणसांबरोबर. टपाल न्यायला, शेजारी जायला ती लागे. घसरायची मौज होती, पण त्याआधी चढावं लागायचं. तासभर चढा, पाच मिनिटं उतरा. अशा हिशोबावर कुठलंही हॉटेल चालत नाही.

गावाची लोकसंख्या १८९३ मध्ये बारा हजारांच्या आसपास होती. १९३० च्या दशकात उरली सातशे. थकलेल्या कराच्या रकमेत घरं विकली जात होती.

१९३६ मध्ये बिली फिस्क आणि टेड रायन या दोन पैसेवाल्या तरुणांनी जवळच्या खोऱ्यात स्कीचं ठिकाण काढायचं ठरवलं. फिस्क हा बॉबस्लेडचा दोनदा ऑलिंपिक विजेता. त्यांनी आंद्रे रॉश या स्विस गिर्यारोहकाला पाहणीसाठी बोलावलं. रॉशने ॲस्पेनच्या डोंगरावर उताराची एक वाट आखून दिली आणि गावकऱ्यांनी झाडं तोडून ती तयार केली. वर जायला काय? तर दोराने ओढली जाणारी लाकडी होडीसारखी घसरगाडी. तिला ओढायला जुन्या खाणीतलं दोर गुंडाळायचं यंत्र आणि जुन्या मोटारीचं इंजिन. एका फेरीला दहा सेंट. म्हणजे चांदी वर ओढणारं यंत्र आता माणसं ओढू लागलं. ॲस्पेनचा पुढचा सगळा इतिहास मला या एका यंत्रात दिसतो. फिस्क मात्र १९४० मध्ये ब्रिटनच्या हवाई दलातून लढताना गेला, आणि युद्धात ती मोठी योजनाही बारगळली.

युद्धानेच दुसरा माणूस आणला. फ्रीडल फायफर. ऑस्ट्रियातल्या सांक्ट आंटोन गावचा, हानेस श्नायडर या प्रसिद्ध गुरूच्या हाताखाली तयार झालेला स्की शिक्षक. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया घेतला, श्नायडरला अटक झाली, फायफर अमेरिकेत आला. पर्ल हार्बरनंतर अमेरिकेने त्याला शत्रूराष्ट्राचा माणूस म्हणून काही काळ डांबलं, आणि मग हा त्याच अमेरिकेच्या सैन्यात गेला! दहावी माउंटन डिव्हिजन. तिचा तळ कॅम्प हेल ॲस्पेनपासून काही डोंगर पलीकडे होता. सराव करता करता सैनिक ॲस्पेनला उतरले आणि फायफरला तो डोंगर पाहून आपलं गाव आठवलं. सुट्टीत ही पोरं हॉटेल जेरोममध्ये व्हिस्की घातलेला मिल्कशेक प्यायची.

फेब्रुवारी १९४५ मध्ये या डिव्हिजनने इटलीत रीव्हा रिज नावाचा कडा रात्री चढून जिंकला. स्कीवरून नाही बरं का, पायी, दोर लावून. काही महिन्यांच्या लढाईत तिचे जवळपास हजार जवान मेले. फायफर जबर जखमी झाला, एक फुप्फुस गेलं. तरी तो ॲस्पेनला परतला.

त्याच सुमारास शिकागोचा कारखानदार वॉल्टर पेपके गावात आला. त्याला संगीत, तत्त्वज्ञान आणि निवांतपणा यांचं गाव वसवायचं होतं, फायफरला स्कीचं. १९४६ मध्ये दोघांनी मिळून कंपनी काढली. उतारांच्या जमिनी जुन्या खाणहक्कांच्या होत्या, त्या भाड्याने घेतल्या. अडीच किलोमीटर लांबीची, एकेक माणूस बसेल अशी खुर्च्यांची लिफ्ट उभी राहिली, आणि जानेवारी १९४७ मध्ये समारंभाने तिचं उद्घाटन झालं. खुर्चीची लिफ्ट दहा वर्षांपूर्वी आयडाहोतल्या सन व्हॅलीत जन्मली होती. जिम करन नावाच्या रेल्वे इंजिनिअरने जहाजावर केळ्यांचे घड चढवायची साखळी पाहिलेली होती. घडाच्या जागी त्याने खुर्ची लटकावली. चढण्याचे कष्ट गेले, आणि लिफ्टजवळ तिकिटाची खिडकी आली.

पेपकेने गावकऱ्यांना घरांसाठी फुकट रंग देऊ केला, अट एकच: छटा त्याचा कलाकार हर्बर्ट बायर ठरवणार. बहुतेकांनी नको म्हटलं. मला हे गावकरी आवडतात. पडत्या काळातही आपल्या भिंतीचा रंग आपणच ठरवणार! पण ते किती काळ ठरवू शकणार होते? १९५० मध्ये इथे जागतिक स्की स्पर्धा झाली आणि भाव चढू लागले.

कोणाला वर येऊ द्यायचं हेही लिफ्टवालाच ठरवतो. स्नोबोर्ड आला तेव्हा हे उघड झालं. १९६५ मध्ये मिशिगनमधल्या शर्मन पॉपन यांनी मुलींसाठी दोन स्की एकत्र बांधून एक फळी केली. १९७० च्या दशकात जेक बर्टन कार्पेंटरसारख्यांनी तिला नीट रूप दिलं. पोरं ढगळ कपड्यांत, आडवी उभी राहून उतरू लागली आणि जुन्या स्कीवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. १९९८ मध्ये स्नोबोर्डिंग ऑलिंपिकमध्ये पोचलं, तरी ॲस्पेनच्या मुख्य डोंगरावर ते बंद होतं. बंदी उठली १ एप्रिल २००१ ला. तारीख लक्षात राहायला सोपी आहे. डोंगर उतरायला फळी चालत होतीच, लिफ्ट चालत नव्हती.

आज त्या डोंगरावर जाणाऱ्या गोंडोलाचं नाव सिल्व्हर क्वीन आहे. खालची खाणकामगारांची लाकडी घरं, जी करापोटी विकली गेली, त्यांची किंमत आता दशलक्ष डॉलरच्या भाषेत होते. लिफ्ट चालवणारे, स्वयंपाकी, खोल्या झाडणारे, शिक्षक, नर्स यांना ती परवडत नाहीत. गावाने सरकारी घरं बांधली, ती पुरत नाहीत. म्हणून बरेच जण खाली बसाल्ट, कार्बनडेलला, थेट ६५ किलोमीटरवरच्या ग्लेनवूड स्प्रिंग्सपर्यंत राहतात आणि पहाटेच्या बसने वर येतात. ती बस ज्या खोऱ्यातून येते, त्याच खोऱ्यातून १८८७ मध्ये पहिली रेल्वे आली होती. तिचे रूळ आता उखडले आहेत. तिथे सायकलची वाट आहे.