लाकडी पुलातले लाकूड

आम्ही यवतमाळकर. सागवानाच्या बाबतीत आम्हाला कुणी शिकवू नये. आमचे आजोबा तर पाहुण्याला ‘बसा’ म्हणण्याआधी खुर्ची कशाची आहे ते सांगत. त्यामुळे पुण्याला पहिल्यांदा गेलो तेव्हा शनिवारवाडा, पर्वती सगळे बाजूला ठेवून मी मावसभावाला म्हटले, “आधी लाकडी पूल!”

पुलावर गेलो. कठड्यावर टिचकी मारली. दगड. वाकून कमानी पाहिल्या. दगड!

“लाकूड कुठं आहे रे?”

“होतं,” मावसभाऊ म्हणाला. पुणेकर एवढ्यात इतिहास आटोपतो. बाकीचा मला वाचून काढावा लागला.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले. विश्वासराव गेले, सदाशिवरावभाऊ गेले. त्याच वर्षी मुठेवर हा पूल झाला, तो लाकडाचा. पानिपतावरून परतणाऱ्या लोकांना नदी ओलांडून शहरात येता यावे म्हणून नानासाहेब पेशव्यांनी तो घाईने बांधून घेतला, असे सांगतात. जिंकून येणाऱ्यांसाठी लोक कमानी उभारतात, तोरणे बांधतात. हरून येणाऱ्यांसाठी पूल बांधल्याची दुसरी गोष्ट निदान माझ्या ऐकण्यात नाही. पलीकडे किती घरांत कुणी दाराशी उभे असेल आणि पुलावरून भलतेच कुणी येत असेल, या विचाराने मी कठड्यावरचा हात काढला. २३ जूनला नानासाहेबही पर्वतीवर वारले.

पुढे लाकूड जाऊन दगड आला. कागदोपत्री छत्रपती संभाजी पूल असे नाव लागले. बरोबर दोनशे वर्षांनी, १२ जुलै १९६१ ला, पानशेत फुटले आणि पाणी पुलावरून गेले. नंतर कित्येक वर्षे पुलावर दुचाकींना बंदी होती. दुचाकीवाल्या पुण्यात ही शिक्षा पुराहून कडक! पण लाकडी पूल हा लाकडी पूलच राहिला.

लंडनकरांनी उलटे केले. त्यांचा १८३१ चा लंडन ब्रिज वाहतुकीच्या भाराने खचू लागला, तेव्हा १९६८ साली त्यांनी तो चक्क विकला! रॉबर्ट मॅककुलॉक नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी २४ लाख ६० हजार डॉलर मोजले, दगडांवर नंबर घातले आणि १९७१ साली अॅरिझोनात लेक हवासूला पूल उभा केला. आत नवे काँक्रीट, वरून जुना दगड. साहेबांना टॉवर ब्रिज हवा होता, चुकून हा पदरात पडला, अशी आवई उठली. त्यांनी ती साफ नाकारली. लोक अजून हसतात. मी हसत नाही. सहाशे-सातशे किलोमीटर जाऊन दगडाला टिचक्या मारणाऱ्याने कुणाला हसावे?

घरी परतलो तर आजोबा वाटच पाहत होते. पानिपत नाही, पेशवे नाहीत, एकच प्रश्न.

“काय रे बाप्पा, लाकूड सागाचंच होतं ना?”

कुठल्या झाडाचे ते मला कुठेच सापडले नव्हते.

“सागाचंच,” मी म्हटले.

“मग!” म्हणाले, आणि सुपारी कातरायला बसले.