ओ, यू, जी, एच

इंग्रजी शिकविणाऱ्या मास्तरास निरुत्तर करणारीं अक्षरें म्हणजे ओ, यू, जी, एच हीं चार होत. ‘मधून’ या अर्थाच्या ‘थ्रू’मध्यें त्यांचा ‘ऊ’ होतो, ‘जरी’ या अर्थाच्या ‘दो’मध्यें ‘ओ’, आणि खोकल्याच्या ‘कॉफ’मध्यें चक्क ‘ऑफ’! ‘पाठ करा’ एवढेंच मीही पुष्कळ वर्षें वर्गांत सांगत आलों, तें चुकलेंच.

हा ‘जीएच’ प्राचीन इंग्रजींतील घशांतून घासत निघणाऱ्या एका ध्वनीचा अवशेष आहे. ‘दो’चा जर्मन भाऊ ‘डॉख’ यांत तो आजही ऐकूं येतो. कॅक्सटननें १४७६ सालीं वेस्टमिन्स्टर येथें छापखाना घातला. पुढें लेखन स्थिरावत गेलें, पण उच्चार थांबला नाहीं. तो ध्वनि कोठें लोपला, कोठें त्याचा ‘फ’ झाला.

खरी मौज पुढेंच आहे. ‘बाव’ म्हणजे वृक्षाची मोठी फांदी. जुन्या इंग्रजींत त्याचा अर्थ खांदा असाही होता, आणि आपला ‘बाहु’ त्याचा सगोत्र! ‘डो’ म्हणजे मळलेली कणीक. ज्या मुळापासून तो निघाला, त्यापासूनच ‘दिह्’, म्हणजे लिंपणें, हा धातु व ‘देह’ शब्द आले. इंग्रजांनीं लिहून ठेविलेल्या पण उच्चारांतून टाकलेल्या त्या ध्वनीचें मूळ आपण ‘ह’काराच्या रूपानें अद्यापि बोलतों.

प्रत्येक साक्षीदार मात्र खरा नव्हे. उचकीचा ‘हिकप’ हा शब्द नुसत्या आवाजावरून बनलेला. खोकल्याशीं नातें कल्पून सतराव्या शतकांत त्याच्यावर हीं अक्षरें चढविण्यांत आलीं. उच्चार ‘हिकप’च राहिला.