टर्बोचार्ज्ड इंजिनाच्या इंधन प्रणालीची क्षमतावाढ

टर्बोचार्जर बसवलेल्या पेट्रोल इंजिनाची शक्ती मूळ मर्यादेपलीकडे वाढवताना त्याला पुरेसे इंधन मिळावे म्हणून पंप, इंजेक्टर, दाबनियंत्रक व इंधननळ्या यांत जे बदल केले जातात, त्यांना इंधन प्रणालीची क्षमतावाढ असे म्हणतात. टर्बोचार्जरचा दाब, म्हणजेच बूस्ट, वाढवणे तुलनेने सोपे असते. त्या प्रमाणात इंधन पुरवणे हे अवघड काम होय.

== आवश्यकता ==
पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १ भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा लागते. पूर्ण भारावर चालणाऱ्या टर्बो इंजिनाला मात्र हे प्रमाण मुद्दाम १२:१ किंवा त्याहून कमी ठेवतात. जादा इंधन बाष्पीभवन होताना उष्णता शोषते आणि नॉकिंगला आळा बसतो. भर बूस्टवर इंधन कमी पडल्यास नॉकिंग सुरू होऊन पिस्टनचा माथा वितळणे किंवा रिंगांच्या खाचांमधील धातू तुटणे, असे नुकसान काही सेकंदांत होऊ शकते. शहरातील संथ वाहतुकीत ही उणीव दिसत नाही, कारण ती केवळ उच्च फेरे व उच्च बूस्ट एकत्र आल्यावरच प्रकट होते.

== इंजेक्टर ==
इंजेक्टरची क्षमता मिनिटाला किती घन सेंमी. इंधन सोडले जाते यावरून सांगतात. टोयोटा सुप्रामधील ३ लिटरच्या, सहा सिलिंडरच्या २जेझेड-जीटीई इंजिनाच्या जपानी आवृत्तीत सुमारे ४४०, तर अमेरिकेसाठीच्या आवृत्तीत ५५० घन सेंमी. क्षमतेचे इंजेक्टर होते. टर्बो इंजिनास प्रति अश्वशक्ती ताशी सुमारे २७० ग्रॅम पेट्रोल लागते असे धरल्यास ४०० अश्वशक्तीसाठी ताशी १०८ किलोग्रॅम, म्हणजे साधारण १४६ लिटर लागेल. प्रत्येक इंजेक्टरच्या वाट्याला मिनिटाला सुमारे ४०५ घन सेंमी. येतात. ४४० चा इंजेक्टर त्यासाठी ९२ टक्के वेळ उघडा राहील. ही मर्यादा सहसा ८० ते ८५ टक्क्यांवर ठेवतात. म्हणून येथे किमान ५१० घन सेंमी. क्षमता हवी.

== पंप व दाबनियंत्रक ==
इंजेक्टर ज्या जागी इंधन फवारतो तेथील दाब बूस्टमुळे वाढतो. म्हणून दाबनियंत्रक इंधनाचा दाबही तेवढाच वाढवतो: मूळ दाब ३ बार व बूस्ट १ बार असल्यास इंधन ४ बारवर पुरवावे लागते. दाब वाढला की पंपाचा प्रवाह घटतो. त्यामुळे पंप निवडताना त्याच्या कमाल प्रवाहापेक्षा अपेक्षित दाबावरील प्रवाह पाहणे आवश्यक असते. बारीक वायरीतून पंपाला कमी व्होल्टेज मिळाल्यासही प्रवाह घटतो. म्हणून रिले व जाड वायर बसवतात. उलट, फार मोठा पंप बसवून परतीची नळी अरुंद ठेवल्यास मंद गतीवर दाब अकारण चढतो.

== थेट फवारणी ==
इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांत उच्चदाब पंप कॅमशाफ्टवर चालतो आणि फवारणीस मिळणारा वेळही थोडा असतो. अशा वेळी हवेच्या मार्गात पूरक इंजेक्टर बसवण्याचा उपाय योजतात.

== इथेनॉल ==
८५ टक्के इथेनॉल असलेल्या इंधनाच्या १ भागास सुमारे ९.८ भाग हवा पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला वजनाने दीडपट इंधन लागते. भारतात मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी ही वाढ सुमारे ९ टक्के आहे. शिवाय नळ्या व सील इथेनॉलला टिकणारे असावे लागतात.

== समायोजन व सुरक्षितता ==
नवे इंजेक्टर बसवल्यावर त्यांचा प्रवाह व उघडण्यातील विलंब इंजिनाच्या संगणकात नोंदवावा लागतो. एरवी मिश्रण सर्वत्र बिघडते. खात्रीसाठी वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर वापरतात. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल वाहनात करता येत नाहीत. तप्त टर्बोजवळून जाणाऱ्या दाबाखालील इंधननळीची गळती आगीस कारण ठरू शकते, म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी केवळ पंप चालवून सर्व जोड तपासतात.